मेव्हिस बॅगशॉने नवऱ्याला काठीने का ढोसलं

त्या मंगळवारी आमच्या चॅपल स्ट्रीटवर दुधाच्या बाटल्यांच्या आधी बातमी दारात येऊन पडली. मेव्हिस बॅगशॉने मार्थॉर्पच्या समुद्रात सिरिलला, म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या नवऱ्याला, काठीने ढोसून ढोसून बुडवायचा प्रयत्न केला!

बातमी आणणारी विनी प्लँट. तिने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, बंधाऱ्यावर उभं राहून, आइस्क्रीम खाता खाता.

"छातीपर्यंत पाणी, लेन," ती मला म्हणाली, "पुढे तो बिचारा, मागे ही. आणि ढोसतेय! पाठीत! शेगडीतले निखारे ढोसावेत तशी!"

"मग तू काय केलंस?"

"मी काय करणार? आइस्क्रीम वितळत होतं."

मी ही बातमी फक्त चार घरी सांगितली, आणि खाटकाकडच्या रांगेत. खाटकाकडून निघेपर्यंत काठीचा बांबू झाला होता, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सिरिलच्या नावावरच्या एका भल्या मोठ्या विम्याचाही शोध लागला होता. विमा ही माझी भर. कबूल करतो.

दुपारी बॅगशॉ जोडपं बसमधून उतरलं. सिरिल जिवंत होता. अंगात कुणाची तरी तपकिरी पँट, घोट्याच्या चार बोटं वर. मेव्हिसने त्याचं कोपर धरलेलं. पुढच्या आठ दिवसांत मी कुंपणावरून तिच्याकडून आणि क्लबात बिअरच्या ग्लासाआडून त्याच्याकडून, असं दोन्ही बाजूंनी सगळं काढून घेतलं. काठी खरी. ढोसणं खरं. समुद्रही खरा. बुडवणं तेवढं खोटं.

आता मेव्हिसबद्दल सांगतो. तिची आणि माझी भिंत एक, त्यामुळे सव्वीस वर्षांत मला तिची शिंकसुद्धा ओळखता येते. वय अठ्ठावन्न, उंची जेमतेम माझ्या खांद्याला, आणि घाबरट अशी की विचारू नका. दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगाला घाबरते. विजेला घाबरते. सरकत्या जिन्याला इतकी घाबरते की शहरातल्या मोठ्या दुकानाचा वरचा मजला तिने अजून पाहिलेला नाही. टेलिफोन वाजला की आधी त्याच्याकडे बघत उभी राहते, आणि मग एप्रनला हात पुसून उचलते, कुणी तरी गेलं असणार अशा चेहऱ्याने. एकदा मी गंमत म्हणून तिच्या दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून हात आत घालून बोटं हलवली, तर बाई मागच्या दाराने जी पळाली ती थेट चर्चच्या पायरीवर सापडली. माझ्या बायकोने त्यानंतर महिनाभर मला रविवारचं पुडिंग दिलं नाही.

आणि ही बाई करते काय? प्राथमिक शाळेसमोर, जिथून खाणीच्या लॉऱ्या उतारावरून गडगडत येतात तिथे, पांढरा डगला घालून हातात गोल पाटीची काठी घेते, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहते आणि मुलांना पलीकडे नेते. एकोणीस वर्षं. लॉऱ्या थांबतात. मी एकदा विचारलं होतं, "मेव्हिस, पतंगाला भिणारी तू, लॉरीपुढे कशी उभी राहतेस गं?" ती म्हणाली, "रोज घाबरते, लेन. मुलांना कळू देत नाही, एवढंच."

सिरिल ह्याच्या अगदी उलट. मोज्यांच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला आधीपासून माहीत असते. डावा गुडघा कामातून गेलाय, पण तोही म्हणे हवेमुळे.

आमच्या गल्लीचा ऑगस्टातला लांब शनिवार-रविवार म्हणजे मार्थॉर्प. पूर्वी कारखाना आठवडाभर बंद व्हायचा आणि अख्खी गल्ली तिकडे जायची. आता सोमवारची सुट्टी जोडून चार दिवस, पण गाव तेच, लॉज तीच. गंमत अशी, की वर्षभर जे शेजारी खिडकीसमोरून जातात त्यांनाच तिथे भेटायला जायचं, आणि भेट होऊ नये म्हणून दिवसभर धडपडायचं. बॅगशॉ मंडळींची धडपड म्हणजे ओहोटीला वाळूवरून चालत चालत समुद्राच्या दिशेने इतकं लांब जायचं, की बंधाऱ्यावरच्या विनी प्लँटला आपल्या सँडविचमध्ये काय आहे ते दिसू नये.

परत खोलीवर जायची सोय नाही. ते मिसेस थ्रॉसलच्या लॉजमध्ये उतरतात. नाश्ता झाला की दहाला सगळे बाहेर, आणि संध्याकाळी पाचला चहाच्या वेळी दार उघडणार. पाऊस येवो, गारा येवोत, पाच म्हणजे पाच. सतरा वर्षांत त्या दारावरची घंटा पाचच्या आधी कुणी वाजवल्याचं ऐकिवात नाही. मेव्हिसच्या भीतीच्या यादीत मिसेस थ्रॉसल विजेच्या वर आहे.

तर रविवार. ऊन छान, वारा मात्र जमिनीकडून, चांगला जोराचा. सिरिलच्या खिशात भरती-ओहोटीची पुस्तिका. तसल्या पुस्तिकांत वेळा हिवाळी घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात आपण घड्याळं पुढे करतो, म्हणून त्यात एक तास मिळवायचा असतो. हे ज्याला माहीत असतं तो माणूस बंधाऱ्यावर जरा छाती काढूनच चालतो. सिरिलला माहीत होतं. त्याने तास मिळवला. मार्थॉर्पच्या छापखानेवाल्याने ह्या वर्षी गिऱ्हाइकांची सोय म्हणून तो आधीच मिळवून छापला होता, आणि तसं मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंही होतं. मागचं पान कोण वाचतो!

"चारपर्यंत निवांत," सिरिल म्हणाला.

"नक्की ना?"

"मेव्हिस, हे गणित आहे."

वाळूच्या लांबलचक उंचवट्यावर त्यांनी बस्तान मांडलं. त्या उंचवट्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एक रुंद, सखल चर आहे. सकाळी त्यात घोट्याएवढं पाणी होतं, बूट काढून ओलांडलं. ओलांडताना मेव्हिस दहादा मागे वळून बघत होती. सिरिलने चिडवलं, "काय, पाळणाघर सोडून चाललीस का?" बंधाऱ्यावरचं घड्याळ आणि त्याच्या खाली वाळूत रोवलेला लोखंडी खांब एका रेषेत दिसतात तिथे पायाखाली घट्ट वाळू आहे, हे ती मनात घोकत होती.

मग सिरिलने आडोसा ठोकला. चार काठ्यांवर ताणलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, वारा अडवायला. आमच्याकडे ज्याच्याजवळ आडोसा नाही तो समुद्रावर जातच नाही. वारा जमिनीकडून, म्हणून आडोसा जमिनीच्या बाजूला. ही दोघं त्याला पाठ लावून, तोंड समुद्राकडे करून बसली. समोर पाणी लांबवर, शांत, जागच्या जागी. हॅम सँडविच झाली. पोर्क भरलेली पेस्ट्री झाली. सिरिल टोपी नाकावर घेऊन घोरला. मेव्हिस विणत बसली आणि समोरच्या पाण्यावर पहारा ठेवून होती, कारण पाणी समोरून येणार हे तिने धरलं होतं. त्याला पाठ करून ती बसलीच नसती.

पावणेतीनला ती थर्मासच्या झाकणातला चहाचा गाळ फेकायला उठली. आडोशाच्या पलीकडे गेली.

"लेन," हे सांगताना तिने कुंपण दोन्ही हातांनी धरलं होतं, "आवाजच नव्हता रे. लाट नाही, फेस नाही, काही नाही. आम्ही आलो ती वाटच नव्हती. तपकिरी पाणी, आणि ते सरकत होतं. उजवीकडून डावीकडे, गुपचूप, कुणी बघू नये असं. आमच्या सकाळच्या पावलांच्या खुणा थेट त्या पाण्यात जात होत्या. मी बघत होते तेवढ्यात एक खूण गेली. मग दुसरी."

तिच्या हातातलं झाकण पडलं. ती बंधाऱ्याकडे तोंड करून ओरडली. वाऱ्याने आवाज उचलून समुद्राकडे नेला. बंधाऱ्यावरची माणसं करंगळीच्या नखाएवढी.

सिरिल उठला, डोळे चोळले, पुस्तिका काढली. पाण्याकडे बघितलं, पुन्हा पुस्तिकेकडे बघितलं.

"हे बरोबर नाही," तो म्हणाला. पाणी चुकलंय असा त्याचा सूर होता.

"सिरिल, चल."

"चलू की. घाबरतेस काय, बदके." आमच्या भागात बायकोला लाडाने बदक म्हणतात, दूधवालाही म्हणतो. "आधी सामान आवरू. असं टाकून जातं का कुणी?"

आणि हा माणूस आडोसा गुंडाळायला लागला! कापडाला मोड पडू नये म्हणून झटकून, कडेला कड लावून. मेव्हिसच्या छातीत ठोके असे पडत होते की तिला वाटलं, आपण इथेच मरणार, पाणी यायच्या आधीच. उंचवट्याची कड बघता बघता जवळ येत होती. सकाळी क्रिकेटचं मैदान मावेल एवढी असलेली वाळू आता आमच्या गल्लीएवढी लांब आणि तेवढीच अरुंद उरली होती. तिने एक काठी कापडातून हिसकली. टर्रकन आवाज झाला.

"अगं, फाटलं!"

"फाटू दे."

सिरिल मला म्हणाला, लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण हिच्या तोंडून हे दोन शब्द त्याने पहिल्यांदा ऐकले.

त्याचा हात डावीकडे गेला. "तिथून जाऊ. तिथे चर अरुंद आहे. चार ढांगा."

"अरुंद आहे म्हणजे खोल आहे," मेव्हिस म्हणाली. "घड्याळाखाली खांब येतो तिथून जायचं."

"पण ते दुप्पट लांब..."

"तिथूनच."

घड्याळ आणि खांब एका रेषेत येईपर्यंत ती वाळूवरून पळत गेली, आणि मागून, आपला गुडघा ओढत, सिरिल. ती पाण्यात उतरली. आता हे लक्षात घ्या, की ही बाई सतरा वर्षं मार्थॉर्पला जातेय आणि घोट्याच्या वर समुद्र तिने अंगाला लावून घेतलेला नाही. पोहणं दोघांनाही येत नाही. पाणी थंड होतं. ऑगस्टातही आमचा समुद्र थंडच असतो, पण हे पाणी पायाची बोटं नाहीशी करणारं होतं. ती काठी पुढे टोचायची, तळ लागला की पाऊल टाकायची. गुडघे. मांड्या. स्कर्ट वर तरंगायला लागला तेव्हा तिने तो दाबून धरला, आणि मग एक हात कमी पडतोय म्हणून सोडून दिला.

कमरेपर्यंत पाणी आलं आणि त्याचा जोर कळला. एका बाजूने सारखं ढकलत होतं, गर्दीत कुणी खांदा लावावा तसं. पायाखालची वाळू प्रत्येक पावलाला थोडी थोडी निघून जात होती. मागे बघितलं तर सिरिल दहा पावलं मागे, एका पायावर भार देत, तोंड पांढरं, आणि तरीही म्हणतोय, "काही नाही, काही नाही, येतोय मी."

तेव्हा तिने काय केलं? ती थांबली. मागे आली, परत खोल पाण्यातून. त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तू पुढे हो. मला दिसत राहा."

"अगं पण..."

"पाण्याकडे बघायचं नाही. खांबाकडे बघायचं. पळायचं नाही, थांबायचं नाही. चला."

सिरिलने मला हे सांगितलं तेव्हा तो जरा ओशाळला होता. "लेन, ती मला 'चला' म्हणाली. शाळेतल्या पोरांना म्हणते तसं. आणि मी चाललो रे."

पाणी त्याच्या छातीला लागलं, म्हणजे तिच्या गळ्याला. ती टाचा उचलून चालत होती. तोंडात खारं पाणी गेलं. त्या क्षणी तिला पक्कं वाटलं की आता पुढचं पाऊल टेकणार नाही, आणि टेकलं नाही तर आपण ओरडणारसुद्धा नाही, कारण ओरडलो तर तो मागे वळेल. हे ती मला अगदी हळू आवाजात म्हणाली, आणि ह्या ठिकाणी मी एकही विनोद केला नाही, ह्याची नोंद घ्यावी.

आणि नेमका त्याच वेळी सिरिल उभा राहिला.

"काय झालं?"

"बूट."

"काय?"

"डावा बूट रुतलाय चिखलात. निघाला पायातून. थांब जरा, वाकून..."

छातीभर वाहत्या पाण्यात हा माणूस बुटासाठी वाकायला निघाला! मेव्हिसने काठी उचलली आणि त्याच्या पाठीत ढोसली. "चल!" तो म्हणाला, "अगं, नवे आहेत." तिने पुन्हा ढोसली, पहिल्यापेक्षा जोरात. तिसऱ्यांदा ढोसली तेव्हा तो कळवळला आणि पुढे गेला. विनी प्लँटने जे पाहिलं ते हे. आइस्क्रीम स्ट्रॉबेरीचं होतं.

चार पावलांनी पाणी पोटाला आलं. मग गुडघ्याला. मग दोघं खांबाला धरून उभी होती. वळून पाहिलं तर उंचवटा नव्हता. गुंडाळलेला आडोसा तेवढा तरंगत चालला होता.

इथे गोष्ट संपली असं सिरिलचं मत. क्लबात तो इथेच ग्लास रिकामा करतो. पण मेव्हिस म्हणते, खरी भीती इथून पुढे. कारण बंधाऱ्यावरून लॉजपर्यंत चालताना सिरिल थरथर कापत होता, आणि मिसेस थ्रॉसलच्या गल्लीत वळताना कापायचा थांबला. ओठ निळे. तिने काही विचारलं की उत्तर भलतंच, आणि शब्द एकमेकांत अडकलेले. लॉजच्या पायरीवर तो खाली बसला.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"साडेतीन."

"मग थांबू," तो म्हणाला. "पाचला उघडेल." आणि डोळे मिटले.

मेव्हिसने घंटेकडे पाहिलं. पितळेचं लखलखीत बटण, खाली पाटी: पाहुण्यांनी पाचपूर्वी वाजवू नये. मेव्हिस मला म्हणाली, हात पुढे गेला आणि मागे आला. खरंच मागे आला. बोटं बधिर झाली होती म्हणून की कशामुळे, तिलाही ठाऊक नाही. मग सिरिलचं डोकं दाराच्या चौकटीवर टेकलं, आणि तिने मुठीने घंटा दाबली आणि सोडलीच नाही.

दार फूटभर उघडलं. मिसेस थ्रॉसल, केसांत रोलर लावलेली.

"मिसेस बॅगशॉ, पाच वाजता..."

"माहीत आहे मला. बाजूला व्हा."

"गालिचा ओला होईल!"

"मग होऊ दे. गरम पाण्याच्या पिशव्या आहेत तुमच्याकडे? सगळ्या आणा. ब्लँकेटंही आणा, आणि साखर घालून चहा. आणि डॉक्टरला फोन करा." टेलिफोनकडे तिने बघितलं. "नको. मीच करते."

एक मात्र खरं, मिसेस थ्रॉसलने सगळं आणलं. डॉक्टर आला, म्हणाला अंग आतून गारठलंय, अजून अर्धा तास तो त्या पायरीवर बसला असता तर कठीण होतं. सोमवारचा दिवस सिरिल अंथरुणात होता. मिसेस थ्रॉसलने मेलेल्या नवऱ्याची तपकिरी पँट दिली, आणि खोलीचं दार दिवसभर उघडं ठेवलं.

आता सिरिल क्लबात बसून सांगतो, की तो जरासुद्धा घाबरला नव्हता. पाणी होतंच किती! ही मात्र पानासारखी थरथरत होती. परवा मेव्हिस दोरीवर चादरी घालत होती, तेव्हा मला राहवलं नाही. कुंपणावर कोपर टेकून मी म्हटलं, "काय गं मेव्हिस, अख्ख्या क्लबाला माहीत झालंय. सिरिल म्हणतो तो अजिबात घाबरला नव्हता, आणि तू भीतीने अर्धमेली झाली होतीस. खरं का?"

तिने तोंडातला चिमटा काढून चादरीला लावला.

"खरंय. तो घाबरला नाही म्हणून आम्ही तिथे बसून राहिलो, आणि मी घाबरले म्हणून घरी आलो. सरक, चादरीवर तुझी सावली पडतेय."